दगडावर नाव आहे, फोटोवर नाही

बडोद्याच्या सयाजीबागेतलं म्युझियम बघून आलेल्या माणसाला विचारलं की काय बघितलंस, तर तो ठरलेल्या दोन गोष्टी सांगतो. एक इजिप्तची ममी आणि दुसरा देवमाशाचा प्रचंड सांगाडा. तिसरी वस्तू सहसा कुणी सांगत नाही, कारण तो नुसता एक दगड आहे. अडीच फुटांच्या आसपास उंची, ओबडधोबड, बघण्यासारखं त्यात काहीच नाही. पण त्या दगडावर कोरलेलं आहे की २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम महंमदने हा दगड उचलला. गुलाम महंमद म्हणजे गामा पैलवान. तेव्हा तो तरुण पोरगा होता.

दगडाचं वजन बाराशे किलो सांगतात. एका माणसाने तो पूर्ण उचलून चार पावलं चालूनही दाखवला असं म्हणतात. त्यावर पैज लावायची माझी तयारी नाही. पण मुद्दा तो नव्हे. गामा पुढे फाळणीनंतर पाकिस्तानचा झाला आणि १९६० मध्ये लाहोरला वारला. त्याच्या बडोद्यातल्या त्या दिवसाचं बाकी काहीही राहिलं नसतं, ना फोटो, ना पास, ना तिथे उभ्या असलेल्या कुणाची आठवण. राहिलं ते एवढ्यासाठी की कुणीतरी छिन्नी घेऊन नाव आणि तारीख कोरून घेतली, आणि दगड उचलून म्युझियमात आणून ठेवला. नाव नसतं तर तो दगड आज बागेच्या एखाद्या वाफ्याच्या कडेला पडलेला असता आणि माळ्याने त्यावर पाण्याचा पाईप टेकवून ठेवला असता.

आता याच बागेतली दुसरी गोष्ट. १९१७ च्या सप्टेंबरात सव्वीस वर्षांचा एक तरुण या बागेत पाच तास बसून होता. तेव्हा तिला कामाठीबाग म्हणत. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीची तो वाट बघत होता. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेला, करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेला, आणि तरी सबंध शहरात त्याला राहायला खोली मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिला, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. हा तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे तुम्ही ओळखलंच असेल. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. पण त्या दिवसाची एकही वस्तू कुठे नाही, असणार तरी कशी? हाकलून दिलेल्या माणसाच्या मागे काही राहत नाही. तो दिवस आपल्याला ठाऊक आहे तो केवळ बाबासाहेबांनी स्वतः पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला म्हणून.

एकाच बागेतल्या या दोन गोष्टी मनात घोळत असताना मला तिसरीच एक गोष्ट आठवत राहते, आणि ती आहे अमेरिकेतल्या बेसबॉलची. बडोदा आणि बेसबॉल यांचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. थोडा आहे. बडोद्याच्या पैशावर आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाच्या खालच्या अंगाला हार्लेम. त्या हार्लेममध्ये त्याच वर्षांत 'लिंकन जायंट्स' नावाचा कृष्णवर्णीय खेळाडूंचा एक जबरदस्त संघ खेळत होता. बाबासाहेब तो सामना बघायला गेले होते असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचा वेळ पुस्तकांत जायचा. पण दोन गोष्टी इतक्या जवळून गेल्या हे नकाशावर बघितलं की गंमत वाटते.

तर त्या बेसबॉलविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोठ्या संघांच्या मालकांनी आपापसांत ठरवून टाकलं की काळ्या खेळाडूला घ्यायचं नाही. कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर पाटी नसली तरी कुणी कुठे थांबायचं हे जसं सगळ्यांना ठाऊक असायचं, तसंच. मग काळ्या खेळाडूंनी स्वतःचे संघ काढले. १९२० मध्ये रूब फॉस्टर नावाच्या माणसाने कॅन्सस सिटीत बैठक बोलावून त्यांची पहिली टिकाऊ लीग उभी केली. हे संघ बसमधून गावोगाव फिरत, दिवसाला दोन-दोन सामने खेळत, आणि हॉटेलात जागा मिळत नसे म्हणून बसमध्येच झोपत. १९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला आणि ती भिंत पडली. पण भिंत पडली तशी ही काळ्यांची लीगही हळूहळू विझली. चांगले खेळाडू तिकडे गेले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले, संघ बंद पडले. संघ बंद पडला की त्याच्या कचेरीतले कागद कुठे जातात हे सांगायला नको.

जोश गिब्सन नावाचा एक खेळाडू त्या लीगमध्ये होता. तो जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला, रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीन महिने आधी. त्याने किती होमरन मारले? त्याच्या सन्मानफलकावर लिहिलंय, जवळजवळ आठशे. जवळजवळ! म्हणजे धड मोजलेच नाहीत कुणी. आता त्याच वर्षाचं बडोदं बघा. मार्च १९४७, रणजी करंडकाची अंतिम लढत, बडोदा विरुद्ध होळकर. विजय हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ धावांची भागी. हजारे २८८, गुल महंमद ३१९. एकेक धाव मोजलेली, लिहिलेली, छापलेली. ५९ वर्षं तो जागतिक विक्रम टिकला, २००६ मध्ये जयवर्धने-संगकारांनी मोडला, आणि मोडला हे आपल्याला कळलं ते मुळात आकडा पक्का होता म्हणून. गिब्सनचा विक्रम मोडायचा म्हटलं तरी काय मोडणार?

पण नंतर झालं ते फार विलक्षण आहे. १९७० मध्ये रॉबर्ट पीटरसनचं या लीगवरचं पुस्तक आलं आणि काही वेडी माणसं कामाला लागली. म्हाताऱ्या खेळाडूंच्या घरी जाऊ लागली. माळ्यावरच्या पेट्यांतून सामन्याच्या जाहिराती निघाल्या, तिकिटांचे अर्धुके निघाले, संघांचे ग्रुप फोटो, करारपत्रं, घामाचे डाग पडलेले ग्लोव्ह. नेवार्क ईगल्स या संघाचे हिशेबाचे कागद आज नेवार्कच्या सार्वजनिक वाचनालयात आहेत. १९९० मध्ये कॅन्सस सिटीत या खेळाडूंचं स्वतंत्र म्युझियम निघालं. दुसऱ्या बाजूने काहीजण 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर' असल्या काळ्यांच्या वर्तमानपत्रांच्या फिल्मा डोळे फोडून वाचत बसले आणि एकेक सामन्याचा धावफलक उतरवून काढू लागले. या दोन्ही कामांची एकमेकांना गरज होती. वर्तमानपत्रात नुसतं 'विल्यम्स' छापलेलं असायचं. कुठला विल्यम्स, हे कुणाच्या तरी घरातल्या फोटोच्या मागे लिहिलेलं सापडायचं. जाहिरातीवरून कळायचं की अमक्या तारखेला अमक्या गावी सामना होता, मग त्या गावचं वर्तमानपत्र शोधायचं.

या सगळ्याचा शेवट कुठे झाला? डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या या सात लीगही मेजर लीगच होत्या. आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले. त्या दिवशी सकाळी अमेरिकन माणूस उठला तेव्हा सर्वकालीन फलंदाजी सरासरीत पहिलं नाव टाय कॉब नव्हतं, जोश गिब्सन होतं. .३७२. म्हणजे हजार वेळा फलंदाजीला आला तर तीनशे बहात्तर वेळा यशस्वी फटका. मेल्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! याच गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत साधा दगडही नव्हता. २००४ पासून जेरेमी क्रॉक नावाचा एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि त्याचे सोबती या जुन्या खेळाडूंची बिननावाची थडगी शोधून त्यांवर नावाचे दगड बसवत आले आहेत. छंद म्हणून कुणी पोस्टाची तिकिटं गोळा करतो, याने हे केलं.

मला यात भावते ती एकच गोष्ट. कुणाच्या तरी माळ्यावरची पेटी जपली गेली, आणि त्यातून फक्त हळहळ निघाली नाही. नोंद निघाली. नोंद बदलली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडचा जोश गिब्सन कोण असं मला विचारलं तर मी पळवणकर बाळू हे नाव घेईन. जन्म १८७६, धारवाडचा. आडनाव कोकणातलं, जात चांभार, वडील लष्करात. पोरवयात पुण्याला पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचं काम, महिना तीन रुपये. मग पूना क्लबात, तिथे एक रुपया जास्त. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज सरावासाठी या पोराला चेंडू टाकायला लावायचा, आणि बाद केलंस तर आठ आणे देईन म्हणायचा, अशी आख्यायिका आहे. बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीचं शिक्षण हे असं झालं. त्यांच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही. ती साहेबाची आणि वरच्या जातीची.

पुढे पुण्याच्या हिंदूंना इंग्रजांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर ते ज्या चेंडूला हात लावत, त्याला सगळे हात लावत. पण चहाच्या सुट्टीत बाळूंचा चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता. हे तर्कशास्त्र मला अजून उलगडलेलं नाही.

नंतर ते मुंबईला आले. ज्या रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली ती बी. बी. अँड सी. आय., म्हणजे मुंबई-बडोदा-मध्य हिंदुस्थान रेल्वे. त्या नावातलं मधलं 'बी' या आपल्या बडोद्याचं. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं त्यात बाळू होते. १९११ मध्ये पहिला अखिल हिंदुस्थानी संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली विलायतेला गेला. त्या संघातून बडोद्याचे राजपुत्र शिवाजीराव गायकवाडही खेळले. ते तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होते. एकाच संघात राजाचा मुलगा आणि खेळपट्टी झाडणारा पोरगा. आणि त्या दौऱ्यात सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले ते खेळपट्टी झाडणाऱ्याने. संघ बहुतेक सामने हरला, हा माणूस मात्र हरला नाही. त्यांच्या प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, पंधराच्या सरासरीने.

कर्णधार मात्र त्यांना केलं नाही. वर्षानुवर्षं केलं नाही. इथे आपल्या गोव्याच्या वाचकाने जरा कान टवकारावेत, कारण कर्णधारपद ज्यांच्याकडे गेलं त्यांचं आडनाव आपल्याला परकं नाही: मुकुंद दामोदर पै. पै यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की खुद्द पै एका सत्काराला उत्तर देताना म्हणाले होते की हा मान माझे ज्येष्ठ सहकारी बाळू यांना मिळायला हवा होता. खिलाडूपणा म्हणतात तो हा. पण मान काही मिळाला नाही. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल दोघेही निषेध म्हणून बाहेर पडले. जातीच्या कारणावरून भारतीय खेळाडूंनी घातलेला हा बहिष्कार, तोही शंभर वर्षांपूर्वी! अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याला नाही, धाकट्याला मिळालं.

हे सगळं आज मला लिहिता येतं ते कशामुळे? विठ्ठल पळवणकरांनी १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवलं, 'माझे क्रीडा-जीवन'. बाळ ज. पंडितांनी बाळूंवर छोटेखानी चरित्र लिहिलं. आणि रामचंद्र गुहांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून २००२ मध्ये 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' लिहिलं. पै यांचं ते वाक्य टिकलं तेसुद्धा सत्काराचा वृत्तांत कुणीतरी छापला होता म्हणून. म्हणजे कागद टिकला म्हणून माणूस टिकला. तुमच्या-माझ्या पिढीतल्या कितीजणांना २००२ च्या आधी हे नाव माहीत होतं, प्रामाणिकपणे सांगा.

आणि बाळू मधल्या मध्ये का हरवले याचं एक कारण मला दिसतं. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभं केलं, कुणाविरुद्ध? डॉ. आंबेडकरांविरुद्ध. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. त्यानंतर बाळू कुणाचेच राहिले नाहीत. आंबेडकरी चळवळीला त्यांना जपण्याचं कारण उरलं नाही, काँग्रेसला गरज उरली नाही, आणि क्रिकेटवाल्यांना ती सगळी गोष्टच अडचणीची. जो कुणाच्याच कपाटात बसत नाही त्याच्या वस्तू कोण ठेवणार?

उलट आंबेडकरी चळवळीने आपला ठेवा कसा जपला ते बघण्यासारखं आहे. चांगदेव खैरमोडे नावाच्या एका साध्या माणसाने तरुणपणापासून बाबासाहेबांचे कागद, आठवणी, पत्रं गोळा केली. १९५२ मध्ये चरित्राचा पहिला खंड काढला आणि पुढचे खंड त्यांच्या मरणानंतरही निघत राहिले. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोलेंनी बाबासाहेबांचे कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू आणून जपल्या. कल्याणच्या विजय सुरवाडेंनी फोटोंचा आणि पत्रांचा प्रचंड संग्रह केला. यांच्यामागे कुठलं संस्थान नव्हतं, दरबार नव्हता. अमेरिकेतल्या त्या वेड्या माणसांचे हे सख्खे भाऊच. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला लिहिलेलं पत्र आज वाचायला मिळतं, ते तिकडे दुबॉइसचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जपून ठेवले म्हणून. पत्र लिहिणाऱ्याइतकंच ते ठेवणाऱ्याचंही श्रेय असतं.

बडोदं हे खरं तर जपणाऱ्यांचं शहर. सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून १९१० पासून खेडोपाडी वाचनालयं काढली. राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं डोळ्यांत तेल घालून जपली आहेत. खेळाच्या बाबतीतही हे शहर मागे नव्हतं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी इथूनच मराठीत 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. मल्लखांब, लाठी, कुस्ती, एकेक डाव आकृत्यांसकट. आज तो जुना खंड कुणाच्या घरी दिसला तर मी हात लावल्याशिवाय राहत नाही. आणि दांडिया बाजारातल्या आखाड्याचं नाव अजूनही जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. आखाडा वाढवला, नावारूपाला आणला तो प्रोफेसर माणिकरावांनी. पण त्यांनी त्यावर आपल्या मुसलमान उस्तादाचं नाव ठेवलं. दरवाजावर नाव ठेवणं हादेखील जपण्याचाच प्रकार आहे, कदाचित सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ.

पण दरबाराने जे जपलं ते दरबाराच्या नजरेला दिसलं तेवढंच. त्या शहरातल्या मराठी वाड्यांत, रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, शियापुऱ्यात जे भिंतींवर टांगलेलं होतं ते आता भराभर खाली उतरतंय. वाडे पडतात, फ्लॅट होतात, मुलं कॅनडाला. दोनेक वर्षांपूर्वी बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात जमिनीवर मांडलेल्या भंगारात मला एक मोठी फ्रेम दिसली. क्रिकेट संघाचा ग्रुप फोटो. खुर्च्यांवर बसलेले पाच-सहाजण कोटात, मागे उभे असलेले नुसत्या पांढऱ्या शर्टात, पायांशी आडवी ठेवलेली ढाल. खाली नावांची पट्टी असणार, पण वाळवीने नेमकी तीच खाल्ली होती. विकणारा फ्रेमचे दीडशे रुपये मागत होता. सागवानी आहे म्हणाला. फोटो नको असेल तर काढून देतो, तेवढीच काच हलकी होईल! मी फोटोसकट घेतली.

त्या फोटोत अगदी कडेला, खेळाडूंपासून हातभर अंतर ठेवून, दोन माणसं उभी आहेत. टोपी, धोतर, अनवाणी. मैदानावरची माणसं, खेळपट्टी करणारी. अशा फोटोंत ती नेहमी असतात. नावांची पट्टी शाबूत असती तरी त्यांत यांची नावं नसती, हे मी खात्रीने सांगतो, कारण पट्टी शाबूत असलेले असले फोटो मी पुष्कळ बघितले आहेत. 'उभे, डावीकडून' अशी सुरुवात होते आणि ती डावीकडच्या पहिल्या खेळाडूपासून होते. त्याच्याही डावीकडे जो उभा असतो तो मोजत नाहीत. बाळू पुण्याच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर होते तेव्हा कुणी फोटो काढला असता तर ते तिथेच, कडेला उभे असते.

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांविषयी माझ्या मनात थोडी अढीही आहे, ती सांगून टाकतो. वस्तूला किंमत आली की तिच्यामागे नकली माल येतो. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर झालं, आज विणलेली जर्सी उद्या सत्तर वर्षांपूर्वीची म्हणून विकली जाते. आणि दुसरं म्हणजे संग्राहकाचं कुलूप. आपल्याकडे असे कितीतरी गृहस्थ आहेत की ज्यांच्याकडे अमूल्य कागद आहेत असं सगळे सांगतात आणि कुणीही ते बघितलेले नाहीत. हात लावू देणार नाहीत, फोटो काढू देणार नाहीत, स्वतः लिहिणारही नाहीत. त्यांच्या पश्चात सून सगळं एका दुपारी रद्दीवाल्याला देते. अशा संग्रहापेक्षा वाळवी बरी, ती निदान आव तरी आणत नाही. क्रिकेटच्या बॅटा-टोप्या लिलावात लाखांना जातात त्याचंही मला विशेष कौतुक नाही. मोठ्यांच्या बॅटा कोणीतरी ठेवणारच आहे.

'खेळात जात कशाला काढता' हा प्रश्नही येतो, लगेच येतो. तो मी काढलेली नाही. ती चहाच्या मातीच्या भांड्यात होती. आता ते भांडं फोडून टाकलं म्हणून ते नव्हतंच असं म्हणायचं का, एवढाच माझा उलटा प्रश्न.

आपल्या गोव्यातही हे काम पडून आहे. आपण मराठी नाटकांचे, भजनी फडांचे, देवळाच्या वर्धापनाचे फोटो हौसेने जपतो. 'गोमन्तक', 'नवप्रभा'च्या जुन्या फायली निदान ग्रंथालयांत आहेत. कलावंत समाजाने तर स्वतःचा इतिहास स्वतः लिहिण्याचा धडाच घालून दिला आहे. राजाराम पैंगीणकरांनी १९६९ मध्ये 'मी कोण?' लिहिलं नसतं तर आपल्यातल्या सोवळ्या मंडळींनी तो सगळा काळ केव्हाच सारवून टाकला असता. पण खेळाचं काय? मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचं आपण अभिमानाने सांगतो, ते ठीकच. गावागावांतल्या फुटबॉलच्या, क्रिकेटच्या संघांत कोण होतं, कुठल्या वाड्यावरच्या पोराला घेतलं आणि कुठल्या घेतलं नाही, सामना संपल्यावर कोण ओसरीवर बसून चहा प्यायला आणि कोण अंगणात, हे अजून सांगू शकणारी माणसं जिवंत आहेत. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

काम काही अवघड नाही. घरात जुना ग्रुप फोटो असेल तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापुढे धरायचा आणि एकेक बोट ठेवून नाव विचारायचं. नाव फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहायचं. बॉलपेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. वर्ष नक्की आठवत नसेल तर 'आजोबांच्या लग्नाआधी' असं लिहिलं तरी चालतं, त्यावरून पुढे वर्ष काढता येतं. मग मोबाइलवर त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून चार ठिकाणी पाठवून द्यायचे. कडेला उभ्या असलेल्यांनाही बोट लावायला विसरायचं नाही.

माझ्या त्या फोटोची प्रत मी बडोद्याला तिघाचौघा जुन्या मंडळींकडे देऊन ठेवली आहे. खुर्चीवरच्यांपैकी दोघे ओळखू आले. कडेच्या दोघांपैकी डावीकडच्याला पाहून एक आजोबा म्हणाले, अरे हा तर रोलरवाला! नाव काही त्यांना आठवेना. खूप वेळ फोटो हातात धरून बसले, मग म्हणाले, याचा मुलगा पुढे रेल्वेत लागला होता, प्रतापनगरकडे राहायचा. पुढच्या खेपेला तिकडे जाऊन विचारायचं आहे.